ग्रीनचे वय आधी विचारा

तुमच्या प्रश्नातील तपशील आधी मांडतो, म्हणजे पुढचे बोलणे त्यालाच धरून राहील. तुम्ही कोल्हापुरात राहता, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका मोठा तितका खेळाडू कच्चा) 22 आहे, वर्षाकाठी आठ-दहा राउंड होतात आणि डिसेंबरात तिघा मित्रांसह गाडीने पाच तासांच्या अंतरावरील एका सेमी-प्रायव्हेट गोल्फ कोर्सवर खेळायला जाण्याचे घाटते आहे. हा कोर्स नूतनीकरणासाठी दीड वर्ष बंद होता आणि यंदा मे महिन्यात पुन्हा उघडला. पाहुण्यांची ग्रीन फी, म्हणजे खेळण्याचे शुल्क, पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट झाली आहे. एक मित्र म्हणतो की नवीन ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) म्हणजे काच, चेंडू थांबतच नाही. दुसरा म्हणतो की एक वर्ष जाऊ द्या, मग पाहू. जावे की थांबावे, गेल्यास कोणत्या टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) खेळावे आणि चेंडू किती न्यावेत, असे तुम्ही विचारले आहे.

चेंडूंचे उत्तर सोपे आहे. माणशी डझनभर न्या आणि महागडे नेऊ नका, कारण नूतनीकरणात हल्ली फेअरवेच्या (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याच्या) कडेचे गवत मुद्दाम उंच आणि रानटी सोडतात, आणि त्यात गेलेला चेंडू नियमाने मिळणाऱ्या तीन मिनिटांत सहसा सापडत नाही. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत: त्या ग्रीन्सवर गवत लावले कधी? कोर्स उघडल्याची तारीख आणि गवत लावल्याची तारीख यांत बरेच अंतर असू शकते, आणि खेळणाऱ्याने ग्रीनचे वय मोजायचे ते दुसऱ्या तारखेपासून.

हे मी खेळाडू म्हणून कमी आणि गवताचा माणूस म्हणून जास्त सांगतो आहे. कोल्हापुरात शेतकीची पदवी घेतल्यावर 27 वर्षे मी गोल्फ कोर्सच्या हिरवळीची देखभाल केली, त्यात तीन ठिकाणी ग्रीन्स मुळापासून नव्याने बांधण्याचे काम वाट्याला आले. आता करवीर तालुक्यातल्या गावी ऊस बघतो आणि महिन्यातून एखादा राउंड खेळतो. पहिल्या नोकरीत काम काय आहे हे घरी सांगितले, तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमची हयात गेली रानातली हराळी खणून काढण्यात, आणि तुला ती लावायचा पगार मिळतोय व्हय?" त्यांचे म्हणणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही खरे होते. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती आपल्या बांधावरची हराळीच. गणपतीला वाहतो तीच दूर्वा. ग्रीनवर असते ती तिची बारीक पानांची संकरित जात, बहुधा अमेरिकेतील टिफ्टनच्या संशोधन केंद्रातून आलेल्या टिफड्वार्फ किंवा टिफईगल यांसारखी. काही नव्या कोर्सवर पास्पालम हे वेगळे गवत असते, पण मी पुढे सांगतो त्यातले बहुतेक त्यालाही लागू आहे. या संकरित हराळीला उगवणारे बी धरत नाही, म्हणून ती उसासारखी कांडीनेच लावावी लागते. उन्हाळ्यात खत-पाणी वेळेवर मिळाले तर आठ ते बारा आठवड्यांत जमीन झाकली जाते, आणि क्लबाच्या समितीला ती हिरवीगार दिसू लागली की उद्‌घाटनाची घाई सुरू होते. लावणीचा ऊस कमरेएवढा झाला म्हणून कोणी तोडणी घेत नाही. ग्रीनच्या बाबतीत मात्र ही चूक सर्रास होते.

आता जमिनीखाली काय असते ते पाहा, कारण तुमच्या मित्राच्या 'काचे'चे मूळ तिथे आहे. आपल्याकडची जुनी ग्रीन्स बहुतेक त्याच जागची माती ओढून, उंचवटा करून बांधलेली असत. अशी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि मेमध्ये फरशीसारखी होते. नवी ग्रीन्स बहुधा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, 1960 साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने किंवा तिच्या एखाद्या स्वस्त आवृत्तीने बांधतात: तळाला निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे 100 मिलिमीटर खडी आणि त्यावर सुमारे 300 मिलिमीटर निवडक वाळूचे मिश्रण. जादा पाणी भराभर खाली जाते, पण बारीक वाळू आणि जाड खडी यांच्या सांध्यावर थोडे पाणी अडून राहते आणि मुळांना पुरते. आपल्या भाषेत सांगायचे तर ते रान कायम वाफशावर राहावे अशी ती रचना आहे.

अशा ग्रीनवर काही वर्षे गेली की वरच्या थरात जुन्या कांड्या, मुळ्या आणि कुजलेले गवत साठून एक पातळ गादी तयार होते. वरून पडणाऱ्या चेंडूचा धक्का ही गादी सोसते, म्हणून चेंडू टप्पा घेऊन थांबतो. नव्या ग्रीनमध्ये ती नसते. खाली रोलरने दाबलेली वाळू, वर गवताचा पातळ पापुद्रा, बस. तिथे सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या काठीने, मारलेला चेंडू सिमेंटच्या अंगणात पडल्यासारखा उसळतो. ही गादी नीट बसायला माझ्या अनुभवाने दोन ते तीन वर्षे लागतात, त्यामुळे एक वर्ष थांबून हा प्रश्न पूर्ण सुटेल, असे तुमच्या दुसऱ्या मित्राने समजू नये.

पण टणक ग्रीन आणि वेगवान ग्रीन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इथे पहिल्या मित्राचे अर्धेच बरोबर आहे. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर वापरतात. एडवर्ड स्टिम्प्सन यांनी 1935 साली सुचवलेल्या साधनाचे हे सुधारलेले रूप आहे. ती 36 इंच लांबीची खोबणीची पट्टी असते. ती हळूहळू उचलत नेली की साधारण 20 अंशांच्या कोनाला चेंडू खाचेतून सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट धावतो तो त्या ग्रीनचा वेग. मुरलेले ग्रीन आम्ही 3 मिलिमीटरच्या आसपास कापतो. नव्या ग्रीनवर मात्र 4 मिलिमीटर किंवा त्याहून उंचच कापावे लागते, कारण त्याहून खाली गेलो तर कोवळ्या गवताची पाने इतकी कमी उरतात की मुळ्या उपाशी पडतात. माझ्या वहीत सहा-आठ महिन्यांच्या ग्रीन्सच्या नोंदी बहुतेक 8 ते 9 फुटांच्या आहेत, म्हणजे मध्यम वेगाच्या. त्यामुळे असे घडते की वरून आलेला चेंडू उसळून मागे पळतो, खेळाडू मनात 'काच' धरून बसतो, पुढचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे चेंडू लोळवण्याचा फटका, हलकासा मारतो आणि चेंडू निम्म्या वाटेत उभा राहतो.

ही फजिती माझीही झाली आहे, आणि तीही गवताचे सगळे शास्त्र डोक्यात असताना. एका ठिकाणी नूतनीकरणानंतर तिसऱ्याच महिन्यात मला खेळायला बोलावले होते. पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपावे असे धरलेले होल, 145 यार्ड, झेंडा पुढच्या बाजूला. मी नेहमीच्या सवयीने झेंड्यावरच मारला. चेंडू झेंड्याच्या दोन पावले पुढे पडला, डोक्याएवढा उडाला आणि दुसऱ्या टप्प्यात ग्रीनच्या मागच्या उतारावरून खाली गेला. तिथून चिप, म्हणजे छोटा उचलता फटका, मारला तो पुन्हा पुढे निघून गेला, आणि मग होलमध्ये घालायला तीनदा पट मारावा लागला. त्या दिवशी ग्रीनच्या मागे काय आहे हे मी टीवरून पाहिले असते, तर इतके झाले नसते. बर्‍याच कोर्सवर ग्रीनच्या पुढे बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, असतो म्हणून आपण लांब मारायला शिकतो. नव्या ग्रीनवर मात्र मागची बाजू आधी पाहायची.

यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय असा की चेंडू ग्रीनच्या अलीकडे पाडावा आणि लोळत जाऊ द्यावा. हा उपाय चालेल की नाही, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. अनेक नूतनीकरणांत पैसा ग्रीनवर खर्च होतो आणि ग्रीनच्या तोंडाशी असलेला फेअरवेचा पट्टा जुन्याच मातीचा राहतो. नवे गवत जगावे म्हणून ग्रीनला दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी देतात, त्याचे फवारे या पट्ट्यावरही पडतात आणि तो ओला राहतो. मग ग्रीन टणक आणि तोंड मऊ, अशी विचित्र जोडी होते: अलीकडे पडलेला चेंडू रुतून बसतो आणि ग्रीनवर पडलेला पळून जातो. पहिल्या होलवर ग्रीनपाशी पोहोचलात की बुटाची टाच त्या पट्ट्यात दाबून पाहा. टाच सहज बुडाली तर लोळवण्याचा विचार सोडा, ग्रीनच्या मध्यावर पाडा आणि चेंडू मागच्या भागात जाईल हे धरून चाला. टाच बुडाली नाही, तर तुमच्यासारख्या 22 हँडिकॅपच्या खेळाडूचे नशीब उघडले, कारण आपला चेंडू उंच जात नाही ही एरवीची उणीव तिथे कामाला येते: एक क्लब कमी घ्या, म्हणजे थोडी कमी लांब मारणारी काठी, दहा-पंधरा यार्ड अलीकडे पाडा आणि जाऊ द्या. ही टाचेची परीक्षा दर दोन-तीन होलनंतर पुन्हा करा, कारण एकाच कोर्सवर चढावरची आणि ओढ्याकाठची ग्रीन्स सारखी नसतात. ओल्या पट्ट्यात चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला, तर दंडाशिवाय बाहेर काढून ड्रॉप करता, म्हणजे जवळच हातातून खाली सोडता, येतो. बरेच जण हे विसरून तसाच मारतात आणि मनगट दुखवून घेतात.

पटिंगकडे येतो. हराळीला कल असतो, म्हणजे पाने आणि कांड्या एका दिशेला झुकून वाढतात, आणि चेंडू त्या दिशेला थोडा ओढला जातो. कल पाहण्याची माझी जुनी पद्धत अशी. वाकून होलची कड बघायची. होल 4.25 इंच व्यासाचे असते. सकाळी कापलेल्या होलची एक कड दुपारपर्यंत सुरीने कापल्यासारखी स्वच्छ राहते आणि समोरची कड जरा पिवळी, विसकटलेली, खाल्ल्यासारखी दिसते. गवत त्या विसकटलेल्या कडेच्या दिशेने झुकलेले असते. कलाबरोबर पाहिले तर ग्रीन चकाकते, कलाविरुद्ध पाहिले तर गडद दिसते. नव्या ग्रीनवर गवत उंच असल्यामुळे हा परिणाम मुरलेल्या ग्रीनपेक्षा जास्त जाणवतो, विशेषतः शेवटच्या दोन-तीन फुटांत, जिथे चेंडू हळू झालेला असतो. त्यामुळे छोटे पट जरा ठामपणे मारा.

कॅडीबद्दल, म्हणजे काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाबद्दल, एक नाजूक गोष्ट सांगतो. एरवी मी कॅडीचे म्हणणे डोळे मिटून ऐकतो. वीस वर्षे त्या कोर्सवर चालणाऱ्या माणसाला जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. पण नूतनीकरणात ग्रीनचे चढ-उतार बदललेले असतात आणि जुन्या कॅडीच्या पायांत जुने ग्रीन असते. एका कॅडीने मला ठामपणे सांगितले, "सर, एक कप लेफ्ट, इथं पाणी नेहमी टाकीकडं पळतं." म्हणजे होलच्या रुंदीएवढे डावीकडे मारा. पाणी पूर्वी टाकीकडे पळत होते, नव्या ग्रीनमध्ये ती उताराची दिशाच फिरवली होती. चूक त्याची नव्हती, कोर्स उघडून चारच महिने झाले होते आणि त्यातले दोन पावसात गेले होते. तेव्हा कॅडीला हे विचारा की नव्या ग्रीनवर तो स्वतः किती राउंड फिरला आहे, आणि शंका असेल तिथे ग्रीनवर चालताना दोन्ही तळपायांना उतार कुठे जाणवतो, त्यावर जास्त भरवसा ठेवा.

बंकरची नवी वाळू हा तुमच्या राउंडमधला दुसरा मोठा खर्च ठरू शकतो. तिचे कण अजून एकमेकांत बसलेले नसतात. ती भुसभुशीत असते आणि उंचावरून आलेला चेंडू निम्मा रुततो. तालमीतला हौदा नव्याने भरला की पाय कसा घोट्यापर्यंत आत जातो, तसेच. रुतलेल्या चेंडूला पाते उघडून मारू नका. सरळ ठेवा, चेंडूमागे कडक खाली मारा आणि चेंडू बाहेर पडल्यावर बराच धावेल हे गृहीत धरा. चेंडू वर बसलेला असेल तर उलट करा: पाते उघडा, पाय फार खोल रोवू नका, आणि रुंद, जाड तळाची वेज (चेंडू उंच उडवणारी तिरक्या पात्याची काठी) असेल तीच घ्या, कारण धारदार तळाची वेज मऊ वाळूत नांगरासारखी घुसते. जाण्यापूर्वी सराव करायला कोल्हापुरात अशी वाळू शोधायची गरज नाही. तिथे तासभर आधी पोहोचून सरावाच्या बंकरमध्ये दहा चेंडू मारलेत तरी पुरे, फक्त त्या बंकरमध्येही नवीच वाळू आहे ना, हे विचारून घ्या.

टी कोणती, याबद्दल मी थोडा हट्टी आहे. नूतनीकरणात मागच्या टी आणखी मागे नेतात, फेअरवेवरचे बंकर पुढे सरकवतात, आणि स्कोअरकार्डवर 7000 यार्डांच्या घरातला आकडा छापला की क्लबाला बरे वाटते. तो आकडा तुमच्यासाठी नाही. अमेरिकेत पुढच्या टीवरून खेळा या मोहिमेत दिलेला हिशेब मला व्यवहारात बरोबर वाटतो: ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीचा, सरासरी चेंडू 200 यार्ड जात असेल तर 5200 ते 5400 यार्डांचा कोर्स, 225 जात असेल तर 5800 ते 6000. सरासरी म्हणजे दहापैकी दहा चेंडूंची सरासरी. रंकाळ्यावर गप्पा मारताना आठवतो तो एकच चेंडू नव्हे. टणक ग्रीनवर याला आणखी एक कारण मिळते. पुढच्या टीवरून तुमच्या हाती दुसऱ्या फटक्याला आठ किंवा नऊ नंबरचे आयर्न येते आणि ते चेंडू थोडा तरी उंचावरून पाडते. मागच्या टीवरून हायब्रिड ही लांब पल्ल्याची काठी हाती येते आणि त्याचा चेंडू नव्या ग्रीनवर थांबणे जवळपास अशक्य असते. चौघांनी एकाच टीवरून खेळले पाहिजे असा नियम नाही, त्यामुळे मित्राला मागून मारायचे असेल तर खुशाल मारू दे.

हँडिकॅपचा हिशेब मात्र आधी करून ठेवा, नाहीतर पैजेवरून गाडीत पाच तास वाद होईल. जागतिक हँडिकॅप पद्धतीत तुमचा 22 हा आकडा कोर्सच्या स्लोपने (सामान्य खेळाडूला तो कोर्स तुलनेने किती कठीण, याचा आकडा) गुणून 113 ने भागायचा आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागावेत असे फटके) व पार यांतला फरक मिळवायचा. समजा एखाद्या टीचा स्लोप 128, रेटिंग 71.0 आणि पार 72 असेल, तर 22 गुणिले 128 भागिले 113 म्हणजे 24.9, त्यातून 1 वजा, म्हणजे तुम्हाला 24 फटक्यांची सवलत मिळेल. इतका मोठा बदल झालेल्या कोर्सचे मूल्यमापन नव्याने व्हावे लागते. स्कोअरकार्डवरचे स्लोप आणि रेटिंग नूतनीकरणानंतरचे आहे का, हे स्टार्टरला, म्हणजे पहिल्या टीवर खेळ सुरू करून देणाऱ्या माणसाला, विचारा. जुनेच छापलेले असेल तर मौजेसाठी खेळा, पण तो स्कोअर नोंदवण्यापूर्वी क्लबाच्या हँडिकॅप समितीशी बोला.

नियमांपैकी तुम्हाला लागतील असे दोन-तीनच. पांढऱ्या रेघेने आखलेली दुरुस्तीची जागा, पाइपचे चर, बसवलेल्या हिरवळीचे उघडे सांधे यांपैकी क्लबाने दुरुस्तीखालची जमीन म्हणून जे जाहीर केले असेल, तिथे दंडाशिवाय जवळचा मोकळा बिंदू शोधून एका क्लबलांबीच्या आत ड्रॉप मिळतो. काठीला बांधलेल्या नव्या झाडांसाठी अशीच सोय असते, पण ती स्थानिक नियमाने, तेव्हा स्कोअरकार्डची मागची बाजू वाचा. एखाद्या होलवर तात्पुरते ग्रीन सुरू असेल, तर बंद ठेवलेले मूळ ग्रीन नियमाच्या दृष्टीने 'चुकीचे ग्रीन' ठरते. चेंडू तिथे गेला किंवा उभे राहताना पाय तिथे आला, तरी तिथून मारता येत नाही, ड्रॉप घ्यावाच लागतो.

सेमी-प्रायव्हेट कोर्सचा अर्थ एवढाच की घर सभासदांचे आहे आणि आपण पैसे भरून आलेले पाहुणे आहोत. शनिवार-रविवारची सकाळ बहुधा सभासदांसाठी राखीव असते. कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही, हँडिकॅपचा दाखला मागू शकतात. हे सारे फोनवर विचारता येते. पण वर्गणी आणि बहुधा वेगळा आकार भरून दीड वर्ष वाट पाहिलेल्या सभासदांच्या मनात पाहुण्यांविषयी एक सूक्ष्म राग असतो, आणि तो मला समजू शकतो, कारण कोवळ्या ग्रीनचे सर्वांत जास्त नुकसान पिच मार्क, म्हणजे चेंडू पडून ग्रीनवर झालेले खळगे, न बुजवणारे आणि चुकीचे बुजवणारे लोक करतात. खळग्याच्या तळातून काटा घालून माती वर उचलणे ही चुकीची पद्धत. नव्या ग्रीनच्या मुळ्या बोटभर असतात, त्या तिथेच तुटतात आणि तो ठिपका तीन आठवडे पिवळा राहतो. काटा खळग्याच्या कडेबाहेर तिरका घाला, कडेचे गवत चारही बाजूंनी आत, मध्याकडे ढकला आणि पटरच्या तळाने दाबा. फेअरवेवर डिव्हट पडला, म्हणजे फटक्याने गवताचा तुकडा उडाला, तर कॅडीजवळच्या बाटलीतली वाळू त्यात भरा. नव्या फेअरवेवर उडालेला तुकडा परत ठेवून तो सहसा जगत नाही. कोर्सवरची छोटी गोल्फगाडी फक्त पक्क्या रस्त्यावरून न्यायची असेल, तर अठरा होलना साडेचारऐवजी पाच तास धरा.

जावे की थांबावे, या मूळ प्रश्नावर माझे मत असे. कोर्स मेमध्ये उघडला आहे, म्हणजे गवत बहुधा त्याआधीच्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर लागले असावे. पहिले असेल तर डिसेंबरात ग्रीनचे वय दीड वर्षाच्या पुढे जाईल आणि दोन पूर्ण पावसाळे उघड्यावर काढल्यामुळे मुळ्या खोल गेल्या असतील, खुशाल जा. दुसरे असेल, म्हणजे गवत जेमतेम वर्षभराचे असेल, तर मी फेब्रुवारी अखेरपर्यंत थांबेन. याचे कारण थंडी. दख्खनच्या पठारावर डिसेंबरात रात्रीचे तापमान 15 अंशांच्या खाली गेले की हराळीची वाढ मंदावते, कापाकापी झालेले आणि तुडवलेले गवत भरून येत नाही, आणि सुट्ट्यांची गर्दी त्याच आठवड्यांत असते. मुरलेले ग्रीन हे सोसते, कोवळे सोसत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ऊब परत येते आणि ग्रीन दोन-तीन आठवड्यांत अंग धरते.

म्हणून पैसे भरण्याआधी क्लबाला फोन करा आणि शक्य झाल्यास आरक्षण घेणाऱ्याऐवजी हिरवळीची देखरेख करणाऱ्या माणसाशी बोला. मी नोकरीत असताना असा फोन आला की आनंदच व्हायचा. वर्षातून एखादाच येई. त्याला गवत लावल्याचा महिना विचारा. अठराच्या अठरा ग्रीन्स खेळात आहेत का, ते विचारा. दोनपेक्षा जास्त तात्पुरती असतील तर पूर्ण फी देऊ नका, तसे स्पष्ट म्हणा. आणि ग्रीनला भोके पाडून वाळू घालण्याचे काम शेवटचे कधी झाले व पुढचे कधी आहे, ते विचारा, कारण त्यानंतर दोन-तीन आठवडे, आणि थंडीत त्याहून जास्त, पट खडीवरून गेल्यासारखा उड्या मारत जातो. या तिन्ही उत्तरांत समाधान झाले तर दुप्पट फी मला जास्त वाटत नाही. नव्या बांधणीचे ग्रीन आपल्या भागातल्या खेळाडूला सहजी खेळायला मिळत नाही.

डिसेंबरात गेलात तर अगदी पहिली टी, म्हणजे खेळ सुरू करण्याची पहिली वेळ, घेऊ नका. पठारावर साडेआठपर्यंत दव असते, ओल्या ग्रीनवर चेंडूची पांढरी रेघ उमटते आणि पट निम्म्यात थांबतो. नऊ वाजता तेच ग्रीन दोन फुटांनी वेगवान होते आणि पहिल्या तीन होलवर शिकलेले सारे निरुपयोगी ठरते. नऊची वेळ मागा. त्यासाठी कोल्हापुरातून पहाटे तीनला निघायचा बेत करू नका. गळीत हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, त्यांना मागे दिवेही नसतात. आदल्या दिवशी दुपारी जेवून निघा, तिथे मुक्काम करा आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत सरावाच्या ग्रीनवर अर्धा तास फक्त लांबचे पट मारा.